गाळलेले तुकडे

आयुधपूजेच्या दिवशी आमच्या विभागात संगणकांनाही हळदकुंकू लागतं. एकदा पूजा झाली की यंत्राला हात लावायचा नाही, थेट विजयादशमीलाच ते परत चालू करायचं. म्हैसुरात हे कुणाला सांगावं लागत नाही. रिक्षावाला रिक्षाला हार घालतो, न्हावी वस्तरा पाटावर मांडतो, आणि मुलांच्या मनाचा अभ्यास करणारी आम्ही शहाणी माणसं कीबोर्डवर शेवंती वाहतो. पूजेबद्दल माझी तक्रार नाही. चीड येते ती पूजेआधी सगळं उरकून टाकायच्या घाईची.

त्या सकाळी ती घाई माझ्या मानेवर बसली होती. आमचे प्रमुख डॉक्टर शिवनंजप्पा यांचा शोधनिबंध परीक्षकांकडून परत आला होता. परीक्षकांचं म्हणणं एवढंच की चाचणीतला जो भाग तुम्ही गाळलात, तो कसा दिसतो ते आम्हाला दाखवा. सर सारखे दारात येत होते.

"चंपका, आटप गं. पुरोहित खोळंबलेत. कोहळा फोडायला मुहूर्त असतो, तुझ्या आकड्यांना नसतो."

"आकड्यांना मुहूर्त नसतो म्हणूनच तुम्ही ते आज माझ्या गळ्यात घातलेत ना, सर?"

ते हसले आणि गेले. माणूस वाईट नाही. फक्त त्यांना शांतता फार आवडते, आणि शांत मुलं त्याहून जास्त.

अभ्यास साधा होता. एडीएचडी असलेली मुलं घ्यायची, म्हणजे ज्यांचं लक्ष टिकत नाही, अंगात भिंगरी असते, ज्यांना शिक्षक उठता-बसता वर्गाबाहेर काढतात ती. आणि त्यांचीच शांत भावंडं घ्यायची तुलनेला. घर एक, आईबाप एक, सांबार एक, मग एक पोर असं आणि दुसरं तसं का, हे शोधायचं. दोघांनाही एकच खेळ. पडद्यावरून मासे जातात. मासा दिसला की बटण दाबायचं, खेकडा दिसला की नाही दाबायचं. खेळ मुद्दामच कंटाळवाणा ठेवलाय. मोठी माणसंही त्यात पेंगतात.

आता आमच्या धंद्यातली एक सवय सांगायला हवी. पोराने ओळीने बरेच मासे सोडले, तर त्याचं पडद्याकडे लक्षच नव्हतं असं आम्ही धरून चालतो. बाहेर कावळा ओरडला असेल, नाक पुसलं असेल. तांदळातले खडे काढावेत तसा तेवढा तुकडा गाळायचा आणि उरलेल्याची सरासरी काढायची. हा नियम संगणकात बसवलेला आहे. गाळणी आपोआप चालते, आणि खाली काय पडलं ते वाकून बघायला कुणाला वेळ नसतो.

मी गाळलेले तुकडे पडद्यावर मांडले. एका घरातली दोन भावंडं एकाखाली एक. वरची ओळ भावाची. त्याचे सुटलेले मासे सगळीकडे उधळलेले, कढईतून लाह्या उडाव्यात तसे. ते अपेक्षितच होतं. खालची ओळ त्याच्या मोठ्या बहिणीची. तुलनेच्या गटातलं हे सगळ्यात गुणी पोर. तिची सरासरी इतकी सुरेख होती की सर ती भाषणात दाखवायचे.

तिची ओळ बघून माझा हात थांबला. अचूक, अचूक, अचूक, मग एकदम काहीच नाही. मग पुन्हा पहिल्यासारखी अचूक. पुढे गेल्यावर परत काहीच नाही. कंटाळलेलं पोर हळूहळू ढिलं पडतं, उशिरा दाबतं, खेकड्यावरही दाबतं. हिचं तसं काही नव्हतं. कुणीतरी खोलीतला दिवा बंद करावा आणि परत लावावा, तसं होतं ते.

मुलांची नावं आमच्याकडे कुलपात असतात. समोर असतात ते फक्त क्रमांक. पण चाचणीची चित्रफीत उघडली की क्रमांकाला तोंड येतं. ही सिंचना होती. श्रीरंगपट्टणच्या पलीकडची, नदीकाठच्या महादेव नावाड्याची मुलगी. आणि वरची लाह्यांची ओळ तिच्या आठ वर्षांच्या भावाची, मोक्षितची. त्याने आमच्या टेबलाखाली अख्खी सकाळ काढली होती आणि जाताना माझी एक चप्पल पळवली होती.

चित्रफिती आम्ही आवाज बंद करून बघतो. पोराची बडबड आणि आईची कटकट ऐकून आपलं मत आधीच बनू नये, म्हणून. मीही तशीच पाहिली. सिंचना ताठ बसलेली, दोन वेण्या, बटणावर अंगठा. मग अंगठा थांबला. मान सरळ, डोळे उघडे, फक्त पापण्या बारीक फडफडत होत्या आणि ओठ काहीतरी चघळावं तसे हलत होते. मग एकदम ती परत आली आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने तिने पुढचा मासा दाबला.

खुर्चीमागे मोक्षित उभा होता. तो तिथं असायला नको होता, पण त्याला बाहेर बसवणं आमच्यापैकी कुणालाच जमलं नव्हतं. त्याने बहिणीची एक वेणी मुठीत धरली होती. चित्रफितीत माझा हात खोलीबाहेरून काचेवर आपटताना दिसत होता. वेणी सोड, असं मी त्याला दटावत होते.

मी आवाज चालू केला.

"गेली," मोक्षित म्हणाला. हळूच, स्वतःशी बोलावं तसं. जरा वेळाने म्हणाला, "आली."

पुढचा तुकडा लावला. पुन्हा अंगठा थांबला, पुन्हा तोच आवाज. गेली. आली. आमच्या गाळणीने जिथं जिथं तुकडा टाकून दिला होता, तिथं तिथं हे पोरगं उभं राहून सांगत होतं.

हा फेपऱ्याचाच एक प्रकार असतो. पडणं नाही, फेस नाही, हातपाय झाडणं नाही. पोर काही क्षण असतं तिथंच आणि तिथं नसतंही. शाळा म्हणते स्वप्नाळू आहे, घर म्हणतं शांत आहे. नीट औषध दिलं तर बहुतेक मुलांचं आटोक्यात येतं. आणि एक गोष्ट आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात: धाप लागली की हे चटकन उसळतं. मेंदूचे डॉक्टर तपासताना पोराला मुद्दाम जोरजोरात श्वास घ्यायला लावतात ते त्यासाठीच.

धाप हा शब्द डोक्यात आला आणि मला नदी आठवली. मोक्षितच्या आईला आम्ही काय सांगितलं होतं? पोराला रोज पोहू द्या, अंगातली रग जिरेल. नदी दारातच आहे. फक्त एकटं सोडू नका, अक्काला सोबत द्या. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, आणि वर त्या बंबाचं तोंडही आम्हीच फिरवून दिलं होतं.

मी आईचा नंबर कपाटातून काढून फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद.

सर नारळ हातात घेऊन दारात उभे होते. मी त्यांना ओढूनच पडद्यासमोर आणलं. त्यांनी दोन तुकडे पाहिले, नारळ टेबलावर ठेवला आणि तिसरा स्वतः लावला.

"बघितलंत?"

"बघितलं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तरी घाई नको. आपण निदान करणारी माणसं नाही. संमतिपत्रात काय लिहिलंय? चाचणीवरून कुणालाही काही सांगणार नाही. सुट्टी संपली की समितीपुढे ठेवू, मेंदूच्या डॉक्टरांना दाखवू, मग रीतसर—"

"सर, ती पोर रोज नदीत उतरते."

"रोज उतरते आणि रोज बाहेर येते ना?"

"आपण सांगितलंय म्हणून उतरते! तिच्या खांद्यावर भावाला दिलाय आपण. दोन पोरं पाण्यात आहेत, सर, आणि तुम्ही मला समिती काय सांगताय?"

मी एवढ्या मोठ्याने ओरडले की बाहेरचा घंटेचा आवाज थांबला.

"तू डॉक्टर नाहीस, चंपका. चूक निघाली तर त्या आईला जन्माचा घोर लावशील."

"निदान नाही करत. पाण्यातून बाहेर काढते. त्याला समिती लागत नाही."

माझ्या स्कूटरची पूजा आधीच झाली होती. पुढच्या चाकाखाली लिंबू, आरशांना हार. शिपाई "मेडम, आज गाडी काढू नये हो" म्हणत मागे धावला, तोवर लिंबू चिरडलंही होतं. रस्त्यावर दसऱ्याची गर्दी. चौकाचौकात फोडलेले कोहळे, कुंकवाचा चिखल, हार घातलेले ट्रक आडवेतिडवे उभे. शेवंतीच्या पाकळ्या उडून माझ्या तोंडावर येत होत्या. वाटेत थांबून दोनदा फोन लावला. फोनवरची बाई प्रत्येक वेळी त्याच गोड आवाजात सांगत होती की तो बंद आहे. तिचा गळा दाबावासा वाटला.

मनात एक चिवट आवाज चाललाच होता. समजा काही नसलं तर? समजा पोरगी खरंच कंटाळली असेल, तर मी सणाच्या दिवशी एका नावाड्याच्या घरी जाऊन काय तमाशा करणार आहे? मग पापण्या आठवायच्या आणि मी गाडी आणखी पिळायची.

महादेवच्या दाराला केळीचे खांब बांधले होते. त्याची बायको जयशीला ओसरीवर वडे तळत बसली होती. मला बघून तिचा चेहरा पडला. असल्या मुलांच्या आयांना आमचा चेहरा म्हणजे तक्रारच वाटते.

"काय केलं त्याने आता? चप्पल परत द्यायला सांगितलंय मी."

"मोक्षितचं काही नाही, जयशीलम्मा. सिंचना कुठाय?"

"सिंची?" ती हसली. "तिचं काय असणार? गाय आहे ती. आज तर मान आहे तिचा."

"कसला मान?"

"आज तेप्पे-होड्या पाण्यात जात नाहीत ना, पूजा आहे त्यांची. मग मधल्या खडकावर कावेरम्माला फुलं कोण नेणार? पोहूनच न्यावी लागतात. दरवर्षी एका पोराला मान देतात. यंदा हिला दिलाय." तिने झारा झटकला. "तो पण गेलाय शेपटासारखा मागे. अक्का आहे सोबत, मला काळजी नाही. तुम्हीच तर म्हणालात, पोहू द्या."

"किती वेळ झाला?"

"आत्ताच गेली. बसा की, वडे—"

मी धावत सुटले. मागून तिची हाक आली, "अहो मिस, झालं काय?" आणि मग तिच्या पावलांचाही आवाज आला.

पाऊस नुकताच सरलेला. कावेरी भरून तांबूस वाहत होती. काठावर बांबूचे गोल तेप्पे ओळीने पालथे घातलेले, प्रत्येकावर भस्माचे पट्टे, कुंकू, झेंडू, आणि वर आडवी ठेवलेली वल्ही. पाण्यात एकही नाव नव्हती. वर्षातला हा एकच दिवस असा असतो. एरवी या घाटावर हात लांब केला तरी तेप्पा लागतो.

महादेव हातात आरती घेऊन उभा होता. आसपास बायाबाप्ये, पोरं. सगळ्यांचे डोळे पाण्याकडे. खडकाच्या अलीकडे दोन डोकी दिसत होती. पुढचं सिंचनाचं, डोक्यावर फुलांची पुडी बांधलेली. मागे मोक्षित कुत्र्याच्या पिल्लासारखे हातपाय मारत येत होता. मी घाटाच्या शेवटच्या पायरीवर जाऊन थांबले. मला पोहता येत नाही.

"महादेवण्णा, त्यांना परत बोलवा."

"आता कसं बोलवू, मेडम? फुलं अर्ध्यातून परत आणत नाहीत. अपशकुन होतो." तो हसतच म्हणाला. "घाबरू नका. माझी पोरगी मासा आहे."

"तिचं मध्येच भान हरपतं. पाण्यात हरपलं तर?"

"कोण? सिंची? अहो, तुमचं काहीतरी चुकतंय. भान नसतं ते धाकट्याला."

हेच वाक्य. शाळेत हेच, घरी हेच, आमच्या विभागातही हेच. माझ्या तोंडून काही निघायच्या आत पाण्यातलं पुढचं डोकं थांबलं.

तिने हात मारणं थांबवलं. ना ओरडली, ना धडपडली. डोक्यावरची पुडी एका बाजूला कलली, फुलं सुटून पाण्यावर पसरली, आणि चेहरा हळूच खाली गेला. काठावरच्या एकाही माणसाला ते दिसलं नाही. त्यांना दिसला तो मोक्षित. तो एकाएकी पाणी उडवत, किंचाळत बहिणीवर तुटून पडला होता. त्याने तिची वेणी धरली आणि सगळ्या अंगानिशी वर ओढली.

"बघा त्या कार्ट्याला! आजच्या दिवशीसुद्धा!" कुणीतरी ओरडलं.

"अरे सोड तिला! बुडवशील तिला, राक्षसा!"

जयशीला माझ्यामागे येऊन पोचली होती. तिनेही हेच पाहिलं. "मोक्षी! सोड अक्काला!" तिचा आवाज चिरकला.

तेवढ्यात शेजारचा केंपण्णा नावाचा नावाडी पाण्यात झेपावला. दांडगा गडी, सपासप पोचला. आणि त्याने काय करावं? मोक्षितला कमरेला धरलं आणि बहिणीपासून तोडून काढायला लागला. पोरगं वेणी सोडेना. केंपण्णाने त्याच्या मनगटावर फटका मारला, बोटं उलगडायला लागला. पोराने त्याच्या दंडाला कडकडून चावा घेतला. सिंचनाचं तोंड पाण्याखाली जात होतं, वर येत होतं, ते फक्त त्या वेणीवर. मला ते इतकं स्पष्ट दिसत होतं आणि माझ्या बाजूचे सगळे लोक एका गुणी पोरीला तिच्या द्वाड भावापासून वाचवत होते.

"पोराला नाही!" मी ओरडले. "पोरीला धरा! केंपण्णा, पोरीला!"

त्याला ऐकू गेलं नाही. मी कमरेपर्यंत पाण्यात शिरले, पाय घसरला, नाकातोंडात पाणी गेलं. पुन्हा उभी राहिले. जयशीलाचा दंड धरून मी तिला गदागदा हलवलं. "तुमचा आवाज ओळखेल केंपण्णा. सांगा त्याला. पोरीला धर म्हणून सांगा! तिचा चेहरा बघा, जयशीलम्मा, मोक्षितकडे बघू नका, एकदा फक्त तिच्या चेहऱ्याकडे बघा!"

तिने पाहिलं. आई होती, तिला एकदाच बघावं लागलं.

"केंपण्णा! सिंचीला धर! सिंचीला!"

ती हाक नदीच्या पलीकडच्या काठालाही ऐकू गेली असेल. केंपण्णाने मान वळवली आणि त्याला हातभर अंतरावर पोरीचे उघडे डोळे पाण्याखाली दिसले असावेत, कारण त्याने मोक्षितला टाकलं आणि तिला काखेत घेतलं. इकडे महादेवने आरतीचं ताट फेकलं. पूजा झालेला तेप्पा एका झटक्यात सुलटा केला, फुलं, भस्म, वल्ही सगळं चिखलात, आणि तो ढकलत पाण्यात नेला. अपशकुनाचं कुणी काही बोललं नाही.

केंपण्णाच्या काखेतच सिंचना खोकली. मग तिने आजूबाजूला पाहिलं, केंपण्णाकडे पाहिलं आणि विचारलं, "मामा, तुम्ही कशाला आलात?" तिला काहीही आठवत नव्हतं. मोक्षित तेप्प्याच्या कडेला लोंबकळत होता, आणि त्याचा दुसरा हात अजून वेणीला होता. बापाने दोघांनाही आत ओढलं.

काठावर आल्यावर जयशीलाने पोरीला पदरात गुंडाळलं, डोकं पुसलं, पाठ चोळली. आणि मग, मी अडवायच्या आधी, मागे वळून मोक्षितच्या कानशिलात एक लगावली. हाताला सवय होती. मेंदूला कळलं तरी हाताला कळायला वेळ लागतो.

"केस उपटलेस तिचे!"

पोरगं रडलं नाही. गालावर हात धरून म्हणालं, "ती गेली होती. गेली की धरायचं असतं."

"कुठं गेली होती?" महादेव त्याच्यासमोर उकिडवा बसला.

"ते मला काय माहीत? जाते आणि येते."

"कधीपासून, मोक्षी?" मी विचारलं.

"नेहमीच जाते. जेवताना जाते. शाळेत पण जाते. तिच्या बाई तिला उभं करतात आणि मुलं हसतात." त्याने नाक पुसलं. "म्हणून मी बघून येतो मधूनमधून."

"बघून येतोस म्हणजे?"

"माझ्या वर्गातून. खिडकीतून जातो. मग बाई मारतात."

उगाच गोष्ट गोड करायची नाही मला. मोक्षितला एडीएचडी होता आणि आजही आहे. सगळ्या वेळा तो काही बहिणीसाठी पळत नव्हता. कित्येकदा तो कावळ्यासाठी पळाला, कित्येकदा कशासाठीच नाही. माझी चप्पल काही त्याने माणुसकीखातर चोरली नव्हती. पण त्याचं लक्ष टिकत नाही असं आम्ही ज्या कागदावर लिहिलं होतं, तो कागद त्या क्षणी माझ्या हातात असता तर मी तो नदीत फेकला असता. या गावात, त्या शाळेत, आमच्या काचेमागे, सगळे मिळून एकाच माणसाचं लक्ष त्या पोरीवर होतं, आणि तो माणूस हा होता.

"कुणाला सांगितलं का नाहीस रे?" जयशीलाने विचारलं.

"सांगितलं की. तुला सांगितलं, अम्मा. तू म्हणालीस, चहाड्या करू नको, अक्कासारखा शांत बस."

जयशीलाने खाली मान घातली आणि पोरीचे केस पुसत राहिली. मी तिला सगळं सांगितलं. आज संध्याकाळीच मोठ्या दवाखान्यात न्यायचं, मी सोबत येते, औषध आहे, तोवर पाणी नाही, चूल नाही, सायकल नाही. ती ऐकत होती की नव्हती कोण जाणे. माझा फोन वाजला. सरांचा होता. "पोरगी?" एवढंच त्यांनी विचारलं. "आहे," म्हटलं. पलीकडे त्यांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला. मग म्हणाले, "मेंदूच्या डॉक्टरांना उठवतो. घेऊन ये." पूजा झालेल्या यंत्रावर बसून ते बाकीच्या सगळ्या शांत मुलांचे गाळलेले तुकडे उघडत होते, हे मला मागाहून कळलं.

सिंचना ओल्या पायरीवर बसली होती. आईने वाटीत आणलेला वडा तिने तोंडाजवळ नेला आणि हात तिथंच थांबला.

मोक्षितने बोट वर केलं. "बघ अम्मा," तो हळूच म्हणाला. "गेली."

जयशीला पोरीच्या चेहऱ्यासमोर वाकली. उघडे डोळे, फडफडणाऱ्या पापण्या, मिटल्या तोंडाची बारीक हालचाल. हे तोंड तिने धुतलं होतं, पुसलं होतं, कौतुकाने सगळ्यांना दाखवलं होतं. "सिंची," तिने हाक मारली. "सिंची गं." उत्तर नाही. तिने घाबरून मुलाकडे पाहिलं, जसं आपण डॉक्टरकडे पाहतो.

"थांब," मोक्षित म्हणाला. "ओरडून येत नाही ती. आपली आपण येते." तो थांबला. त्याचं सगळं अंग स्थिर होतं. आमच्या खोलीत मी त्याला असं कधी पाहिलं नव्हतं. "आली."

सिंचनाने वड्याचा घास घेतला आणि आईला विचारलं, "रडतेस कशाला?"

पोरीची सुटलेली वेणी जयशीलाने उचलली, पिळून पाणी काढलं, आणि मोक्षितच्या मुठीत परत दिली.